चर क्रमांक सात

पालिओस्काला या ग्रीक गावाच्या नावाचा अर्थ जुना धक्का. पण या धक्क्यावरून समुद्र दिसत नाही. नदीनं शेकडो वर्षं गाळ आणून टाकला आणि समुद्र तासाभराच्या चालीवर मागे सरला. पोलिक्सेनीबाईंनी हे शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं होतं. त्यामुळे त्या निवृत्त झाल्यावर नगरपालिकेनं चौकातल्या फलकासाठी गावाची माहिती त्यांनाच लिहायला सांगितली. अट एकच, मजकूर पानभराच्या वर जाता कामा नये.

बाईंनी आठवड्यात लिहिली. चाच्यांच्या भीतीनं गाव टेकडीवर कसं वसलं, तुर्कांशी झालेल्या लढाईत बाईंचे स्वतःचे खापरपणजोबा कसे पडले, सगळं आलं. शेवटी एक ओळ होती: ‘१९२८ साली खालची दलदल कोरडी करण्यात आली.’

कागद घेऊन त्या स्ट्रातिसच्या कॉफीच्या दुकानात गेल्या. स्ट्रातिस त्यांचा जुना विद्यार्थी, खालच्या आळीतला. ती सगळी आळीच समुद्रापलीकडून जीव घेऊन पळून आलेल्यांची.

त्यानं शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, “बाई, करण्यात आली म्हणजे? कुणी केली?”

“सरकारनं.”

“सरकार फावडं घेऊन आलं होतं होय? चला, माझ्या आत्याला भेटा.”

आंथुला आत्या एक्याऐंशीची होती. ती अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “वरच्या आळीतली ना तू? बस. हात रिकामे ठेवू नकोस.” तिनं अर्ध्या शेंगा त्यांच्या मांडीवर ओतल्या.

शेंगा संपल्यावर ती काठी टेकत दोघांना शेताकडे घेऊन गेली. दलदलीचं पाणी काढायला खणलेले तिथले चर बाईंना पाठ होते. नकाशात त्यांना एक ते अकरा आकडे होते. पहिल्या चरापाशी आत्या थांबली. “हा प्रोद्रोमोसचा. इथं खणताना हिवतापानं गेला.” पुढचा सावासचा. त्यापुढचा दोन भावांचा. सातव्याशी ती पुन्हा थांबली. काठीनं काठावरचं गवत बाजूला सारत राहिली.

“हा कुणाचा, आत्या?” बाईंनी विचारलं.

“माझ्या बापाचा. मी एकवीस वर्षांची होते. दुपारी भाकरी घेऊन आले, तर त्याला झाडाखाली निजवलेलं.”

या काठावरून पोरांच्या रांगा नेताना आपण ‘चर क्रमांक सात’ असं ओरडून सांगायचो, हे आठवून बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या चरांवर आत्या आली नाही, ती नावं बाईंनी खालच्या आळीत विचारून घेतली. मग घरी येऊन त्यांनी सगळं नव्यानं लिहिलं. अकरा चरांची बारा नावं पानात मावेनात, तेव्हा त्यांनी खापरपणजोबांवर काट मारली. धाकटा भाऊ थेमेलिस तणतणत आला.

“ताई, आपल्या रक्ताच्या माणसाला खोडलंस?”

“त्यांचा चौकात पुतळा आहे, थेमेलिस. यांना नुसते आकडे होते.”

“लोक मला काय म्हणतील?”

“मलाही म्हणतील. दोघं मिळून ऐकू.”

तीन रविवार तो जेवायला आला नाही. बाईंनी तिन्ही वेळा त्याचं ताट मांडलं आणि मग उचलून ठेवलं.

फलक लागला त्या दिवशी मात्र तो आला, मागे उभा राहिला. पत्र्यावर निळ्या अक्षरांत नावं रंगवली होती. आत्याला वाचता येत नव्हतं, म्हणून स्ट्रातिसनं मोठ्यानं वाचून दाखवलं. वडिलांच्या नावाला तिनं डोळे मिटून घेतले. नवव्या नावाला मात्र तिची काठी फलकावर आपटली.

“योर्दानिस? तो कसला मरतोय. चराकडे फिरकला नाही कधी, लग्नं लावत फिरायचा. मेला तो त्याचा मेव्हणा, लाझारोस.”

चौक हसला. सगळ्यात आधी बाईच हसल्या. त्यांनी रंगाऱ्याकडून ब्रश मागून घेतला, चष्मा सारखा केला आणि शिडीवर चढल्या. शिडी डगमगली, तशी खालून कुणीतरी घट्ट धरली. त्यांनी वाकून पाहिलं. थेमेलिस होता. तोंड अजून फुगलेलंच होतं.

“लिही लवकर,” तो म्हणाला. “भूक लागलीय.”