जाळपट्ट्यातलं ताम्हण

टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांचं एक मंडळ होतं आणि दीपमालाबाईंना ते मनापासून आवडत नसे. तरी चार वर्षं त्या त्यात टिकून होत्या, कारण त्यांच्या यजमानांचं झाड या मंडळाच्या ताब्यात होतं.

ताब्यात म्हणजे असं. सभासदांच्या घरातलं कुणी गेलं की मंडळ टेकडीवर त्याच्या नावाचं रोप लावी, शेजारी पाटी, मग सगळ्यांचा हसरा फोटो. चढावर खड्डे घ्यायचे तर खडक, काटे, घाम. त्यापेक्षा खालचं रस्त्याकडचं माळरान आणि वरची जुनी झाडी यांच्यामध्ये वनखात्याने राखलेला मोकळा पट्टा बरा. तो मोकळा का राखलाय, हे विचारावं असं एवढ्या शिकलेल्या माणसांतल्या एकालाही वाटलं नाही. तो जाळपट्टा होता. दर हिवाळ्यात खातं तिथलं गवत आपल्या देखरेखीखाली जाळून टाकी. मग उन्हाळ्यात रस्त्यावरच्या कुणाच्या विडीने माळ पेटला तरी आग त्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी मरे.

स्मृतिवृक्ष आले आणि जाळणं बंद पडलं. मंडळाच्या निवेदनांना कंटाळून आधीचा वनरक्षक बदली घेऊन गेला. गवत कमरेएवढं वाढलं. दीपमालाबाई दर सभेत हा विषय काढत आणि मंडळी दर सभेत थर्मासमधला चहा ओतून घेत.

यंदा जानेवारीत अझीम नावाचा नवा वनरक्षक आला. सोबत मजूर, पाण्याचे कॅन आणि आग झोडपायला निरगुडीच्या हिरव्या फांद्या. मंडळ पट्ट्यात आडवं उभं राहिलं. अध्यक्ष सुदर्शन मोघे पुढे झाले. त्यांच्या आईच्या नावाचं जांभूळ तिथे होतं, आणि कुणी समोर मोबाइल धरला की त्यांचा कंठ आपोआप दाटून येई.

"गेलेल्या माणसांना दुसऱ्यांदा जाळणार आपण?"

"सर, गवत पार वाळलंय," अझीम म्हणाला. "उद्या आग लागली तर वरची झाडी राहणार नाही."

"आग लागत नसते हो, लावतात."

"मग लावणारे आपली परवानगी घेऊन लावणार आहेत का?" दीपमालाबाई मागून म्हणाल्या.

सुदर्शनरावांनी वळून पाहिलं आणि हुकमाचं पान टाकलं. "या बाईंना विचारा! यांच्या यजमानांचं ताम्हण आहे इथे. रोज बाटलीभर पाणी घालून वाढवलंय. गेल्या मे महिन्यात पहिल्यांदा फुललं. जाळा, यांच्या डोळ्यांदेखत जाळा!"

यातलं काही खोटं नव्हतं. त्या जांभळ्या फुलांखाली उभं राहून बाई नवऱ्याशी बराच वेळ बोलल्या होत्या. ते या माणसाने पाहून ठेवलं होतं, वेळेवर वापरायला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझे यजमान वैकुंठ स्मशानभूमीत जळले," त्या म्हणाल्या. "एकदाच, आणि व्यवस्थित. त्यांची तक्रार आलेली नाही."

पुढे होऊन त्यांनी ताम्हणाशेजारची पाटी उपटली आणि पिशवीत टाकली. "अझीम, इथून सुरू करा."

"काकू, नक्की?"

"माझं मन बदलायच्या आत पेटवा."

थंडीने लाल झालेली पानं आधी गेली, मग फांद्या. बाई शेवटपर्यंत बघत राहिल्या. त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर मंडळाला आयता फोटो मिळाला असता.

ते पाहून बाकीचे एकेक करून बाजूला झाले. सुदर्शनराव मात्र जांभळाला मिठी मारून बसले ते बसलेच. वारा सुटायच्या आत काम उरकायचं होतं. अखेर अझीमने तेवढा कोपरा सोडला आणि वर कळवतो म्हणाला. त्याने कळवलं, वरून काही आलं नाही. ग्रुपवर मात्र त्याच संध्याकाळी 'आंदोलनाला अंशतः यश' म्हणून जाहीर झालं आणि अभिनंदनाचा पाऊस पडला.

मार्चमध्ये रस्त्याकडून आग आली. काळ्या पट्ट्यापाशी ती जागोजागी विझली. राखलेल्या कोपऱ्यात मात्र तिला गवत मिळालं, तिथून ती वर शिरली आणि सालई, खैर, मोह, सगळी जुनी झाडी एका दुपारीत खाऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदर्शनराव जांभळाच्या खुंटापाशी उभे होते. समोर मोबाइल नव्हता, तरी रडत होते.

"आई गेली हो, दीपमालाबाई. सगळंच गेलं."

बाईंनी वरच्या काळ्या उतारावरून नजर फिरवली. "माझ्या माणसाने जाताना जंगल सोबत नेलं नाही," त्या म्हणाल्या आणि उतरू लागल्या.

ताम्हणाच्या जागी त्या थांबल्या. सवयीने भरून आणलेली पाण्याची बाटली पिशवीत होती. जानेवारीपासून ती रोज वर येई आणि रोज तशीच भरलेली घरी जाई. आज त्यांनी झाकण काढलं, सगळं पाणी त्या काळ्या मातीवर ओतलं, आणि कोण बघतंय याची पर्वा न करता मोठ्याने रडल्या.