उतरलेल्या हिरड्या

फिट येऊ नये म्हणून दिलेल्या त्या मेल्या गोळीने माझ्या लेकीच्या हिरड्या अर्ध्या दातांवर चढल्या. पोरगी तोंडावर हात धरून हसायची.

दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "कापायला नको. मी दात साफ करते, घरी नीट ब्रश करा. पण ही गोळी आहे तोवर थोडाच फरक पडेल."

मी हात धुऊन ब्रशच्या मागे लागले.

आज तिला तपासताना डॉक्टरबाई खूश झाल्या. "अहो, सगळे दात दिसताहेत! गोळी बदलली वाटतं?"

"छे हो, तीच आहे. ही माझ्या ब्रशची करामत!"

डॉक्टरबाईंचा हात थांबला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने तोंड मिटलं.

ब्रश करताना मी रोज तिच्यासमोर उभी असायचे. गोळी गिळताना कधीच नाही.