बंद सलूनमधली खुर्ची

मित्रांनो, मी एका सलूनमधली जुनी खुर्ची आहे. बिडाचा पाय, लाल रेक्झिन, वर मान टेकायला उशी. माझे मालक भारी बोलके. "काका, हसवू नका, कापेल!" असं गिऱ्हाईक ओरडायचं. लोक माझ्या मऊ पाठीचं कौतुक करायचे, आणि गर्दी माझ्यामुळेच होते असं मला वाटायचं.

मग मालकांचं बोलणं आटलं. घरात कुणी गेलं नव्हतं, धंदाही बसला नव्हता. तरी केस कापता कापता त्यांचा हात मध्येच थांबे. पुढे शटर उघडेनासंच झालं. ते मागच्या दाराने आत येऊन कडी लावत आणि आरशाकडे पाठ करून माझ्यावर बसून राहत. दाढी वाढलेली, अंघोळीचा पत्ता नाही. बाहेर लोक म्हणत, "आळस चढलाय, दुसरं काय!"

मित्रांनो, त्यांचा भार माझ्यावर होता. तो आळस नव्हता. त्यांना साधा पाय उचलवत नव्हता. ते रडतसुद्धा नव्हते.

एका दुपारी त्यांची बायको डबा घेऊन आली. आदल्या दिवशीचा डबा तसाच होता.

ते म्हणाले, "सगळे वस्तरे घरी ने. कुलपात ठेव. मला माझा भरवसा वाटत नाही."

तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती रागावली नाही. वस्तरे पिशवीत भरून तिने थोरल्या दिरांना फोन लावला. "भाऊजी, गाडी घेऊन या. आत्ता. यांना डॉक्टरांकडे न्यायचंय." मग गाडी येईपर्यंत ती त्यांचा हात धरून बसली.

दुकान बंद पडलं. उंदरांनी माझं रेक्झिन कुरतडलं. मालक आता काही परतत नाहीत, अशी मी मनाची तयारी केली.

एकदा ते भावाबरोबर आले, पण दारातूनच मागे वळले. "दादा, गोळ्या घेतोय, तरी उजाडलं की नकोसं वाटतं."

"ताप आहे का, एका रात्रीत उतरायला? डॉक्टर म्हणालेत ना, वेळ लागेल. चल, पुन्हा येऊ."

खूप दिवसांनी ते पुन्हा आले. दादा सरळ माझ्यावर बसले. "काप माझे केस. आहेत तरी किती!"

मालक हसले नाहीत. पण कात्री चालली. वस्तरे अजून घरीच आहेत, गोळ्याही चालू आहेत. काही दिवस दुकान उघडतं, काही दिवस नाही.

मित्रांनो, माझं रेक्झिन शिवलं नाही तरी चालेल. पण तुमच्या घरातलं माणूस असं गप्प झालं, तर लगेच मोठ्या माणसांना सांगा. मालक माझ्यावर बसून विझत होते, आणि मला कुणाला हाक मारता येत नव्हती. तुम्हाला येते.