पाठमोरी गाडी

इनायतच्या डोक्यामागे, केबिनच्या पत्र्याला एक पोचा आला होता, सुपारीएवढा, आणि त्याच्या मधोमध रंग उडून धातू चमकत होता. तिथे पूर्वी काच होती. ती फुटली तेव्हा इनायतने वर्कशॉपकडे नवी काच न मागता पत्राच ठोकून घेतला, कारण मागे बघायला काच हवी कुणाला... मागे बघायला उस्मान होता. मागच्या फळ्यांवर उभा राहून तो पत्र्यावर पाना आपटायचा: दोन ठोके म्हणजे मागे घ्या, एक म्हणजे थांबा. एवढ्या भाषेवर दुखानच्या तेलविहिरींपासून उम्म सईदच्या धक्क्यापर्यंत सगळा रस्ता उलटा चालवून दाखवीन, असं इनायत कँटीनमध्ये म्हणायचा, आणि कोणी हसत नसे.

आज पाठीवर पंपाचं भलंमोठं इंजिन होतं, साखळ्यांनी आवळलेलं, दुरुस्तीला बहरीनला जायचं. धक्का लाकडी, गाडीपेक्षा जेमतेम रुंद, दोन्ही बाजूंना कठडा नाही. टोकाला बार्ज, सपाट मालबोट, उभी, आणि ओहोटी लागलेली. बार्ज फार खाली जायच्या आत इंजिन टोकापर्यंत पोचायला हवं होतं. नवा साहेब, कान लालबुंद झालेला, धक्क्याच्या तोंडाशी उभा होता. त्याने रियाज कारकुनाकरवी सांगून ठेवलं होतं—हा म्हातारा ड्रायव्हर मागे बघत नाही म्हणे. आज जमलं तर ठीक, नाहीतर उद्यापासून पाण्याची गाडी. पाण्याची गाडी! इनायतला रागापेक्षा गंमतच जास्त वाटली. कालच्या पोरांनी पाणी वाहावं.

"दुल्हाभाई, घ्या आता," उस्मान मागून ओरडला. "डोले माझे, हात तुमचे!"

उस्मान इनायतच्या बायकोचा, ताहेरुन्निसाचा, मावसभाऊ, म्हणून इनायत त्याचा दुल्हाभाई—दाढी पिकलेला दुल्हा! केबिनला लागून, इंजिन आणि बाजूचं फळकुट यांच्यामधल्या वीतभर जागेत तो उभा होता. चाक एवढंसं चुकलं तर आधी तोच समुद्रात जाणार, आणि त्याच्या अंगावर इंजिन. गावाहून निघताना ताहेरुन्निसाने बजावलं होतं, याला तुमी नेताव, तर आनायचा पन तुमीच. आणीन की. न आणायला काय झालं?

दोन ठोके. गाडी मागे सरकली.

पलटणीतली त्याची गाडी अशीच होती. लिबियाच्या वाळूत, लढाईत, तिच्या पाठीवर छोटी तोफ बसवलेली—रणगाडे फोडायची, आणि तोंड मागे. गाडी उलटी नेऊन मोर्चाला लावायची, तोफ डागायची, आणि रणगाड्याला नेम सापडायच्या आत सरळ पुढे पळ काढायचा. सगळी पलटण शत्रूकडे तोंड करून लढली. मी एकटा पाठ करून लढलो. रणगाडा चालताना कसा दिसतो ते मला विचारू नका... तोफेवर दाभोळचा नसरुद्दीन होता. तो मुठीने ठोकायचा. दोन ठोके, एक ठोका, आणि पळायचं असेल तेव्हा ठोक्यांचा नुसता पाऊस.

त्या दुपारी तोफ कडाडली, गाडी स्प्रिंगांवर उडाली, पुन्हा कडाडली... आणि मग ठोका आलाच नाही. इनायत थांबला. इंजिन चालू, पाय क्लचवर, समोर रिकामी पांढरी वाळू. हवालदार धावत येईपर्यंत तो तसाच बसून होता. दूर एक रणगाडा जळत होता, आणि नसरुद्दीन तोफेच्या पोलादी ढालीला टेकून बसला होता, दम खायला बसावं तसा. इनायत जागचा हलला नाही, असं दाभोळात अजून कौतुकाने सांगतात. त्याला ते ऐकायला आवडायचं; का आवडू नये? खोटं थोडंच होतं ते. ठोका आला नाही, म्हणून हललो नाही.

दोन ठोके. दोन ठोके. फळ्या करकरत होत्या. स्टिअरिंग बोटभर डावीकडे, पुन्हा सरळ... किती सोपं असतं, माणसाचा आपल्या माणसावर भरवसा असला की. ताहेरुन्निसाला हे कळत नाही. दरवेळी निरोपाला बंदरावर उभी राहते आणि पुढच्या सुट्टीत ऐकवते, एकदा पन मागं वलून बगलं नाय तुमी. अगं, ड्रायव्हर माणूस मी.

एक ठोका. थांबला. मग—काही नाही.

थांब म्हटलं की थांबायचं. इनायत शांत होता. दुरून रियाजची हाक आली, "चाचा, पीछे लो, पानी उतर रहा है!" साहेबाचं काहीतरी इंग्रजी. ओरडू देत. ठोका आला की घेईन. इंजिन चालू होतं, पाय क्लचवर होता, आणि समोर, धक्का किनाऱ्याला लागत होता तिथे, रिकामी पांढरी वाळू होती.

ही वाळू मी बघितली आहे.

त्या दुपारी तो बसला होता तेवढा वेळ नसरुद्दीन जिवंत होता का? हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानेही कधी विचारलं नव्हतं... इतक्या वर्षांत, एकदाही. त्याने हँडब्रेक ओढला, दार उघडलं, अर्धं अंग बाहेर काढलं आणि मान वळवली. मान कडकड वाजली.

उस्मान उभा होता. एका हाताने साखळी धरून वाकून खाली पाण्यात बघत होता, पोराचं खेळणं पडावं तसा चेहरा करून. इनायतला बघून तो दचकला.

"पाना परला, दुल्हाभाई. हातातना सुटला. घामानं."

"पडू दे."

"तुमी पुढं बगा ना!"

इनायत बघत राहिला. उस्मानच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं. कानामागे अर्धी विडी होती. त्याच्या टाचेमागे हातभर फळी, आणि मग नुसतं हिरवं पाणी. इतके दिवस हा इथे उभा राहत होता! भीती वाटली, सरळसरळ वाटली. आणि ताहेरुन्निसा—लाँच दिसेनाशी झाल्यावरही ती उभी राहत असेल का... किती वेळ?

उस्मानने मूठ वळली आणि पत्र्यावर दोनदा मारली. पान्याचा खणखणाट नव्हता तो; दबका, हाडामांसाचा आवाज होता. इनायतने ब्रेक सोडला. चाकं मागे फिरू लागली. उस्मान हाताने खुणावत होता, पुढं बघा, पुढं बघा. इनायतला ठोके ऐकू येत होते, मान दुखत होती, आणि त्याने ती पुढे वळवली नाही.