एका छोट्या देशाची सफरचंदं

"काका, अख्खा रिपोर्ट तक्त्यातल्या तुमच्या एका खान्यासाठी लटकलाय," निधी म्हणाली. "पाचला क्लायंटला जायचाय."

चंद्रप्रकाश मेस्त्रीने स्क्रीनवरून नजर काढली नाही. जगभरच्या सफरचंदांचा तक्ता समोर उघडा होता. बासष्ट देश भरले होते, एक रिकामा होता.

"लाझारचा मेल येईल आज," तो म्हणाला.

"हे तुम्ही गुरुवारपासून सांगताय. आणि ऐका ना, यंदा वरून आलंय. ज्यांचा आकडा नाही त्यांची रो उडवायची, कायमची. नाहीतर तुम्हीच टाका काहीतरी ट्रेंड बघून. कोण बघायला जातंय तिथे?"

खरंच कोणी जात नव्हतं. त्या देशाचं नाव मी सांगत नाही. डोंगरांच्या बेचक्यात बसलेला एवढासा देश, तिथल्या सरकारला आपल्या चंद्रप्रकाशपायी ताप नको. आपल्या कांदिवली-बोरिवलीत जेवढी माणसं राहतात, तेवढीही तिथे नसतील. पण सफरचंदं होती, म्हणून मरोळच्या या कंपनीच्या तक्त्यात त्याला एक ओळ होती, आणि ती ओळ सोळा वर्षं चंद्रप्रकाश सांभाळत होता.

लाझार हा तिथल्या बागायतदार संघाचा चिटणीस. दर ऑक्टोबरात चंद्रप्रकाशने मेल करून विचारलं की बागा पायी फिरून तो पिकाचा आकडा पाठवायचा, आणि आकड्याखाली एक वाक्य स्वतःचं. 'यंदा गारपीट. कुत्रा मेला.' 'पीक भरघोस. मुलगी परदेशी गेली.' चंद्रप्रकाशची बायको जानकी त्या वाक्याची वाट बघायची. "तुमचो सफरचंदवालो काय म्हणता?" असं जेवायला वाढताना विचारायची. कुत्रा मेला तेव्हा तिला दोन दिवस रुखरुख लागली होती; नवा कुत्रा आणला का, हे तिने लाझारला विचारायलाही लावलं होतं.

जानकीला जाऊन चार वर्षं झाली. चारकोपच्या घरात आता ऑक्टोबर आला काय नि गेला काय, विचारणारं कोणी नाही. ऑफिसात सगळी पोरं कानात काहीतरी खुपसून बसलेली असतात. रोज पन्नास मेल येतात, पण ते सगळे सर्वांना मिळून आलेले. त्याचं नाव घालून, खास त्याला लिहिलेला मेल वर्षातून एकच यायचा. ओळ उडाली की पुढच्या वर्षी लाझारला लिहायला निमित्त उरणार नव्हतं, आणि निमित्ताशिवाय कोणाला लिहायचं हे चंद्रप्रकाशला आयुष्यात जमलेलं नव्हतं.

तेव्हा टाकावा आकडा, असं त्याने ठरवलं. चाल बघायला म्हणून त्याने जुनी वर्षं उघडली.

अडतीस हजार सातशे पन्नास टन. पुढच्या वर्षी एकोणतीस हजार सहाशे. मग एकदम चव्वेचाळीस हजारांवर उडी. थंडी, गारा, कीड, सगळं त्या आकड्यांत दिसत होतं. त्यानंतर साडेसदतीस हजार. तो आकडा लाझारचा नव्हता. जानकी आयसीयूत होती त्या ऑक्टोबरात चंद्रप्रकाशने लाझारला आकडा विचारणारा मेलच केला नव्हता. आधीच्या तीन वर्षांची सरासरी काढून खाना भरला होता आणि शेजारी आकडा अंदाजाचा असल्याची चांदणी द्यायची विसरला होता. रिपोर्ट तसाच छापला गेला आणि नेहमीप्रमाणे त्याची एक प्रत लाझारलाही गेली.

त्यापुढचे तीन आकडे लाझारचे. सदतीस हजार शंभर, छत्तीस हजार सातशे, छत्तीस हजार तीनशे.

दर वर्षी बरोबर चारशे कमी. झाडं इतकी शहाण्यासारखी वागत नाहीत. उभा जन्म आकड्यांत घालवलेल्या माणसाला हे केव्हाच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मेल आला एवढ्यावरच तो खूश होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्याने फोन लावला. सोळा वर्षांत तिसऱ्यांदा. बराच वेळ वाजल्यावर पलीकडे कोणीतरी खोकलं.

"मुंबई?" लाझारने विचारलं. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे एकमेकांचं नीट कळायचं.

"मुंबई. आकडा नाही आला या वर्षी."

"नाही पाठवला. चार वर्षं मी वर बागेत गेलेलो नाही. गुडघा गेला. आणि वर आहे कोण? सगळे परदेशी गेले. सफरचंदं झाडाखाली पडून कुजतात. तीन वर्षं तुला खोटं लिहिलं. चौथ्यांदा हात चालेना."

"माझ्याच आकड्यावरून लिहिलंस ना?"

"हो. त्या वर्षी गारांनी सगळं झोडपलं होतं. आमच्याकडे निम्मंही पीक नव्हतं. पण तुझा रिपोर्ट आला, त्यात साडेसदतीस हजार. मी दोनदा वाचला. म्हटलं, एवढ्या लांब कोणीतरी आपल्याबद्दल चांगलं धरून चाललंय. खोडून काढवेना."

"त्या महिन्यात माझी बायको गेली. मी बसल्या जागी बनवला होता तो."



"कुत्र्याबद्दल विचारायची, ती?" लाझार म्हणाला. "तू कळवलं नाहीस."

"कुठल्या खान्यात लिहिणार?"

निधी टेबलाशी येऊन उभी राहिली. "काका, पावणेपाच. मिळाला का आकडा?"

एक आकडा टाकायचा. पस्तीस हजार नऊशे. तिने डोळे झाकून घेतला असता, आणि पुढचा ऑक्टोबर शाबूत राहिला असता. चंद्रप्रकाशने फोनवर हात धरला.

"नाही मिळाला. रो काढून टाक."

"नक्की ना? मग ती परत नाही घालता येणार, बघा."

"काढ गं. खोटी आहे ती. चार वर्षं खोटी आहे."

निधीने वाकून ओळ पुसली. खालचा देश सरकून वर आला आणि तक्ता पुन्हा सलग झाला.

"काढली तुझी ओळ," चंद्रप्रकाशने फोनवर सांगितलं.

"बरं केलंस," लाझार म्हणाला. "म्हणजे आता तू फोन करणार नाहीस."

चंद्रप्रकाशने समोरचा तक्ता बंद केला.

"थांब," लाझार म्हणाला, "ठेवू नकोस. माझ्या खिडकीतून सफरचंदाचं एक झाड दिसतं. तेवढं तरी खरं सांगतो तुला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. खिडकी उघडली असावी, कारण वारा ऐकू यायला लागला. मग लाझार स्वतःच्या भाषेत मोजायला लागला, सावकाश, एकेक शब्द सुटा. त्यातलं चंद्रप्रकाशला काहीच समजत नव्हतं. निधी रिपोर्ट पाठवून निघून गेली, पोरांनी बॅगा उचलल्या. मध्येच म्हातारा चुकला बहुतेक, कारण त्याने पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. चंद्रप्रकाशने फोन दुसऱ्या कानाला लावला.