लंगड्या तिरंदाजाची नजर

कवळीवाल्यांनी हा राग वर्षभर जपला होता. दिवसा ते लोकांच्या कवळ्या घडवत आणि रिकाम्या वेळी त्याच कोरण्यांनी बोटभर उंचीचे योद्धे. गेल्या वर्षी त्यांचे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले बंधू, गप्पांच्या भरात टेबलावर टेकले आणि तिथल्या तिरंदाजाचा पाय मोडला. "बाहुलीच ना, जावईबापू? गोंद लावा की!" सगळं घर हसलं. बायको तर डोळे पुसेपर्यंत हसली. कवळीवालेही हसले. आतलं काही न दाखवता जबडा हलवणं त्यांना धंद्यानेच शिकवलं होतं.

आज मेहुणे सपत्नीक आले आणि नेमका टीव्ही बंद पडला. त्याची वायर कवळीवाल्यांच्या खिशात कशी गेली, हे कुणी विचारलं नाही.

"मग तुमचा तो बाहुल्यांचा खेळ तरी शिकवा," मेहुणे जांभई देत म्हणाले.

"नको हो दादा, कंटाळाल," असं म्हणेपर्यंत खेळ मांडूनही झाला. एरवी तो जेवणाच्या टेबलावर असे, आज टीपॉयवर. पुठ्ठ्याच्या भिंती, खोक्यांची घरं, मधून गल्ली. चकचकीत चिलखतवाले दोन सरदार पाहुण्यांना. स्वतःकडे दोन भालेकरी आणि लंगडा तिरंदाज.

"सोपं आहे. आपल्या पाळीला एक माणूस या पट्टीइतका सरकवायचा, मग मारा करायचा. फाशावर चार किंवा वर पडले की समोरचा आडवा."

"एवढंच?"

"बारीकसा एक नियम आहे. समोरचा दिसला तरच मारायचं. आणि दिसतो का, ते आपल्या माणसाच्या उंचीवरून बघायचं. वाका."

मेहुणे वाकले. पोट आडवं आलं.

"आणखी. तुम्ही अजून गच्चीवर आहात, दादा."

मेहुणे गुडघ्यांवर आले.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या. "घरी चमचा पडला तर उचलत नाहीत हे."

तिरंदाज दर पाळीला अर्धी पट्टी लंगडत नव्या भिंतीआड जाई, की मेहुणे गुडघे घासत टीपॉयच्या त्या बाजूला. वहिनींनी तेवढ्यात एक भालेकरी गारद केला. कवळीवाल्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. शेवटी मेहुण्यांचा गाल टीपॉयला टेकला आणि तिरंदाज नाकासमोर आला.

"याचा एक पाय हिरडीच्या रंगाचा का हो?"

"कवळीचंच साहित्य आहे. मूळचा मोडला."

"कसा?"

कवळीवाले फासा पुसत राहिले. त्यांची बायको उगाच पडदा सारखा करू लागली. मेहुण्यांच्या कानांना हळूहळू त्या पायाचा रंग चढला.

"म्हणजे... मी?"

"त्यालाच विचारा. समोरच आहात."

मग त्या बोटभर माणसाच्या डोळ्याला डोळा देत मेहुणे पुटपुटले, "चुकलो रे बाबा." आणि गहिवरून म्हणाले, "याला कसा मारू? माझी पाळी सोडली."

"माफ केलं, दादा," कवळीवाले मनापासून म्हणाले. "पण तुम्हाला तो दिसतो, म्हणजे त्यालाही तुमचा सरदार दिसतो."

फासा पडला. पाच. सरदार आडवा.

मेहुणे उठू लागले, तशी कवळीवाल्यांनी त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"बसा की. तुमचा दुसरा अजून उभा आहे."