ईस्टरच्या पाण्याचा बुधला

"कुणी ठेवला हा एवढ्या उंचावर! ठेवला तो ठेवला, निदान पुसून तरी ठेवायचा," लेंका स्टुलावर चढून पुटपुटत होती. तिचं नाक अगदी माझ्या तोंडाशी आलं होतं, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला. तेवढ्यात दार वाजलं, तिचा नवरा उवे आत आला, आणि तिनं तेच गाऱ्हाणं पुन्हा जर्मनमध्ये केलं. माझ्याशी आपली घरची सोर्बी भाषा, त्याच्याशी जर्मन. या स्वयंपाकघराची ही जुनी रीत आहे.

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बुधला आहे. रंगानं तपकिरी, पोटानं गोल. धरायला कान एकच, आणि तोही चिकटवलेला.

जर्मनीतल्या आम्हा सोर्ब लोकांच्या मुलखातल्या, लुझित्सेतल्या एका कुंभारानं मला चाकावर घडवलं. कान जोडताना त्यानं अंगठा जरा जोरात दाबला, त्याचा ठसा अजून माझ्या अंगावर आहे. कुंभार जाऊन किती वर्षं झाली, कुणास ठाऊक. पण मला उचलणारं प्रत्येक बोट नेमकं त्याच खळग्यात बसतं, आणि मला त्या माणसाची आठवण येते.

बुदिशिनच्या बाजारात लेंकाच्या आजीनं मला उलटंसुलटं करून पाहिलं. "याचं पोट एका बाजूला झुकलंय हो," ती कुरकुरली. कुंभार म्हणाला, "तुमच्या मालकांचंही झुकलंय. त्यांना केलंत का परत?" ती एवढी हसली, की मला न घेता जाणं तिला बरं दिसेना.

उन्हाळ्यात मी ताक घेऊन जवसाच्या शेतात जाई. पण माझं खरं काम वर्षातून एकदाच असे. ईस्टरच्या दिवशी सूर्य उगवायच्या आत गावातल्या मुली ओढ्यावर जातात, प्रवाहाच्या दिशेनं भांडं धरून पाणी भरतात आणि घरी आणतात. त्या पाण्यानं तोंड धुतलं की वर्षभर चेहरा ताजा राहतो, गुरांवर शिंपडलं की ती निरोगी राहतात. अट एकच. जाताना आणि येताना तोंडातून शब्द काढायचा नाही. एक शब्द निघाला, की ते बडबडं पाणी झालं. मग गाव वर्षभर हसतं.

आजीची मुलगी वोर्शा, म्हणजे लेंकाची आई, मला घेऊन पहिल्यांदा गेली, तेव्हा झाडामागून ब्यार्नात नावाच्या पोरानं तिच्या खिशात बेडूक सोडला. वोर्शा लालबुंद झाली, पण ओठ मिटलेले ते मिटलेलेच. पुढं तिनं त्याच ब्यार्नातशी लग्न केलं, आणि त्या दिवशी बोलायचं राहिलेलं सगळं जन्मभर बोलून घेतलं.

वोर्शा शाळेत होती, तेव्हा सरकारनं आमच्या भाषेवर बंदी घातली होती. घरी दारं-खिडक्या लावून बोलायचं. परक्या माणसासमोर भाषा बदलायची, हे तेव्हापासून तिच्या अंगात मुरलं. पुढं बंदी उठली. लेंका याच स्वयंपाकघरात सोर्बी बोलत मोठी झाली. मग तिनं दूरच्या गावचा उवे पसंत केला. तो पहिल्यांदा जेवायला आला, तेव्हा वोर्शानं सगळ्यांना डोळ्यांनीच दटावलं. पाहुण्याला आपलं कळत नाही, जर्मन बोला. सगळे बोलले. त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं, उलट तो मान होता. पण पाहुणा घरचा झाला, तरी मान काही संपला नाही. लेंकाला मिंका झाली. त्या पोरीला टेबलावर वाढलेली भाषा एकच मिळाली, जर्मन.

मधल्या काळात ओढ्यावर जाणं मागं पडलं. मी मागच्या खोपटात पोचलो. माझ्या पोटात कपड्यांचे चिमटे भरले, आणि एका थंडीत माझा कान निखळला. मला तिथून बाहेर काढलं, ते उवेनंच. "कान गेला म्हणून काय झालं, पोट शाबूत आहे की," म्हणत त्यानं चुलीशेजारी बसून तो जोडला. अंगठ्याचा खळगा त्यानं घासला नाही. मी ते विसरलेलो नाही. मग मला मानानं स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात वोर्शा खूप आजारी पडली. त्यातून उठली, पण जर्मन शब्द तिच्या हातून निसटायला लागले. टेबलावर मीठ हवं असलं की ती बोटानं दाखवी. कुणीतरी मीठ पुढं करी, आणि कुणीच काही म्हणत नसे. कोंबड्यांशी मात्र ती सोर्बीत फडाफडा भांडायची. एकदा मिंकानं विचारलं, "आई, आजी माझ्यावर रागावलीय का गं? माझ्याशी बोलतच नाही."

"छे गं, दमलीय ती," लेंका म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

या ईस्टरला वोर्शानं खुणेनं लेंकाकडून मला खाली काढवून घेतलं. पहाटे तिनं मला मिंकाच्या हातात दिलं, ओठांवर बोट ठेवलं, आणि काठी टेकत पुढं निघाली.

मित्रांनो, मी पुष्कळ मुलींबरोबर ती वाट चाललो. पण असं सुख नव्हतं पाहिलं. त्या वाटेवर कुणाला कुठली भाषा येते, हा प्रश्नच नव्हता. आजीनं दगड दाखवावा, नातीनं पाय जपून टाकावा. आजीनं तिचा हात धरून मला प्रवाहाकडे वळवलं. मी गार पाण्यानं भरलो.

परतताना शेजारचा पावोल कुंपणाशी उभा. ईस्टरच्या घोडेस्वारांच्या मिरवणुकीसाठी वर काळा कोट, डोक्यावर उंच टोपी, आणि खाली नुसती लांब चड्डी. "वोर्शा!" तो सोर्बीत ओरडला. "माझी विजार दिसली का कुठं? बायको म्हणते, घोड्यालाच विचार!"

वोर्शाचे खांदे गदागदा हलायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज नाही. मिंकाला शब्द कळला नाही, तरी आजीकडे बघून तीही हसायला लागली. तिचे हात असे थरथरत होते, की थोडं पाणी माझ्या पोटावरून ओघळलं.

तुम्हाला एक विनंती करू? तुमच्याकडे घरचं जुनं काही असेल, तर त्याला मान देऊन उंचावर ठेवू नका. हातात घ्या, वापरा. कान तुटला तर जोडता येतो, मी त्याचा साक्षीदार आहे.

घरी सगळ्यांनी तोंडं धुतली. रंगवलेली अंडी आणि गोड पाव मांडून सगळे बसले, मी मधोमध.

"आजी, ते पावोलकाका काय म्हणाले?" मिंकानं विचारलं.

वोर्शाचे डोळे चमकले. "अगं, पावोलची विजार..." ती सोर्बीत सुरू झाली. समोर उवे दिसला, आणि ती थांबली. जर्मन शब्द शोधू लागली. ओठ हलले, बोटं माझ्या कानाशी चाळा करू लागली. शब्द येईना.

"काही नाही गं, असंच काहीतरी," लेंका घाईघाईनं म्हणाली. "अंडं घे तू."

उवेनं चमचा खाली ठेवला.

"विजारीपर्यंत कळलं मला, आई. इतक्या वर्षांत तेवढं कळणारच." तो वोर्शाकडे वळला. "तुम्हाला आता जर्मन आठवत नाही. आम्हाला सगळ्यांना ते दिसतंय, आणि आम्ही नुसतं मीठ पुढं करतोय. माझ्या एकट्यासाठी तुम्ही या टेबलावर आपली भाषा सोडलीत. मी मागितलं नव्हतं, पण कधी नकोही म्हटलं नाही. आज म्हणतो. पुढचं तुमच्या भाषेत सांगा. मिंकाला नाही कळलं तर लेंका सांगेल. मला नाही कळलं तर मिंका सांगेल."